मदत निघाली आहे

१

ऑफिसात सगळे त्यांना मावशी म्हणायचे. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना मदत पाठवणारी ती कंपनी, आणि मावशींचं काम एकच: फोन घ्यायचा, अडकलेल्या माणसाला धीर द्यायचा आणि जवळच्या मेकॅनिकला तिकडे पिटाळायचं. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली, ओळीनं मांडलेली टेबलं, एसीची अखंड घरघर. खाली फरशीचं मोठं आवार, तिथे टोइंगच्या गाड्या उभ्या असत. मावशींची खुर्ची खिडकीला लागून होती. कुठली गाडी सुटली हे त्यांना न बघताच आवाजावरून कळायचं.

आवाज ही मावशींची कमाई होती. भेदरलेला, चिडलेला, रडवेला, कसाही माणूस असो, त्या दोन वाक्यं बोलल्या की निवळायचा. "मावशी बोलायला लागल्या की अर्ध्या गाड्या आपोआप चालू होतात," असं मेकॅनिक लोक हसत म्हणायचे. मावशींचा एक नियम होता. लाइनवर कधी गप्प बसायचं नाही. घाबरलेल्या माणसाला शांतता सहन होत नाही, त्यात तो नको ते ऐकायला लागतो. त्यामुळे मेकॅनिक पोचेपर्यंत त्या बोलत राहायच्या.

त्या दिवशी जेवणाचा डबा नुकताच धुवून ठेवला होता. बाहेर लख्ख ऊन. हेडफोन कानाला लावतात न लावतात तोच फोन आला.

"हॅलो, माझी गाडी बंद पडलीये. चालूच होत नाहीये. चालता चालता एकदम इंजिनच बंद झालं."

मुलीचा आवाज. उसना धीर आणलेला.

"आधी एक मोठा श्वास घ्या," मावशी म्हणाल्या. "गाडीच्या आत आहात की बाहेर?"

"आत."

"छान. आतच बसा. दारं लावून घ्या."

मुलगी कॉलेजात शिकत होती. सुट्टीला घरी निघाली होती. मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं म्हणून तिनं जुना रस्ता धरला होता. दोन्ही बाजूंना मोकळी रानं, मध्ये एखादं झाड, आणि बराच वेळ एकही गाडी गेलेली नव्हती. गाडी तिच्या बाबांची जुनी. "मला गाडी दिली त्याच दिवशी बाबांनी हे रोडसाइड असिस्टन्स पण करून घेतलं," ती म्हणाली. "मी कटकट करत होते. ते म्हणाले, मी दर वेळी नसेन, पण कुणीतरी येईल एवढं तरी मला माहीत असू दे."

"बाबा शहाणे आहेत तुझे." मावशी नकळत 'तू'वर आल्या होत्या. कागदोपत्री नाव समोर स्क्रीनवर होतंच, पण त्या नेहमी विचारायच्या तेच त्यांनी विचारलं, "घरी काय म्हणतात गं तुला?"

मुलगी जराशी हसली. "चिंगी."

"हं. मला मावशी म्हण. तर चिंगी, आमचे उस्ताद खालून निघतायत बघ. सगळ्यांत जुने मेकॅनिक आहेत. थोडा वेळ लागेल, पण मदत निघाली आहे. तोवर मी आहेच लाइनवर."

खाली उस्तादांच्या गाडीनं खाकरल्यासारखा आवाज केला आणि ती फाटकातून बाहेर पडली.

२

कॉलेजची मेस, वसतिगृहातली मैत्रीण, परीक्षेत दांडी उडालेला विषय; मावशींनी गप्पा छान लावल्या होत्या. चिंगीचा आवाज सैल झाला होता. मध्येच ती म्हणाली,

"आला वाटतं तुमचा माणूस."

मावशी हसल्या. "एवढ्यात कसा येईल? पंख नाहीत लावले उस्तादांना."

"नाही, कुणीतरी उभं आहे पुढं रस्त्यावर."

"रानातलं असेल कुणी."

"असेल," ती म्हणाली. "उन्हात नीट दिसत नाहीये. नुसतं काळपट काहीतरी उभं आहे. माणूसच आहे की नाही, तेही कळत नाही."

अशा वेळी काय बोलायचं ते मावशींना तोंडपाठ होतं. एकट्या मुलींसाठी कंपनीनं ते मुद्दाम ठरवून दिलं होतं. "हे बघ चिंगी, आमच्या माणसाच्या अंगात पिवळं जाकीट असतं. लांबून दिसतं. तसं नसेल तर कुणी कितीही गोड बोलू दे, काच खाली करायची नाही. कळलं?"

पलीकडे सीट करकरल्याचा आवाज आला.

"चिंगी?"

"मावशी, पिवळं जाकीटच आहे."

३

मावशींचं मन व्यवहारी होतं. रस्त्याच्या कामावरचे मजूर असली जाकिटं घालतात. एखादा पाण्याबिण्याच्या शोधात आडबाजूला आला असेल. आधी ऊन डोळ्यांवर येत होतं, आता नीट दिसलं, इतकंच.

"कामगार असेल गं रस्त्यावरचा. आमच्या माणसाच्या गळ्यात ओळखपत्र असतं. निळ्या पट्टीचं. तो गाडीजवळ येईल, काचेवर टकटक करेल आणि आधी तुझ्या गाडीचा नंबर सांगेल. हे सगळं असेल तरच तो आमचा."

"निळी पट्टी आहे," चिंगी हळूच म्हणाली. "मगाशी नव्हती. म्हणजे… माझं लक्ष नसेल गेलं."

"चालत येतोय का?"

"चालताना नाही दिसत. पण जवळ आलाय."

मावशींनी दुसऱ्या फोनवरून उस्तादांना लावलं. उस्ताद अजून गावाबाहेरच्या पुलावर होते, पुढे ट्रॅक्टर आडवा झालाय म्हणून करवादत होते. दुसरा कुठला मेकॅनिक त्या बाजूला होता का? नव्हता. मावशींनी पलीकडच्या टेबलावरच्या सुपरवायझरला हातानंच खूण केली. तो आला, त्यानं वाकून स्क्रीन पाहिली. पोरगेलासा, पण समंजस माणूस. "पोलिसांना कळवतो," तो ओठांनीच म्हणाला आणि गेला.

"चिंगी, दारं लॉक आहेत ना?"

"हो. मावशी, तो हाक मारतोय."

"काय म्हणतोय?"

"चिंगी म्हणतोय."

मावशी खुर्चीत ताठ झाल्या. पण डोकं अजून ठिकाणावर होतं. पोरीनं फोन स्पीकरवर ठेवला असणार, बाहेरच्यानं नाव ऐकलं असणार. "स्पीकर बंद कर. फोन कानाला लाव."

"कानालाच आहे. पहिल्यापासून."

आणि तेव्हा मावशींना ती हाक स्वतःच ऐकू आली. लांबून, काचेपलीकडून, दबलेली. *चिंगी.* बाईचा आवाज होता. कुठेतरी ऐकलेला. लाइनवर कधी कधी आपलंच बोलणं उलटून ऐकू येतं, तसं काहीतरी असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण मावशींनी त्या क्षणी तोंड उघडलेलं नव्हतं.

४

मग त्यांना वेगळीच शंका आली, आणि ती आली म्हणून जरा बरंही वाटलं. पोरगी थट्टा करतेय. कॉलेजची पोरं, पैज लागली असेल, मागच्या सीटवर मैत्रिणी तोंड दाबून हसत असतील. असले फोन पूर्वी आले होते. मावशी मनातल्या मनात रागावल्या आणि त्यांनी सापळा लावला.

"अगं, एक सांगायचं राहिलंच," त्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या. "आमच्या लोकांच्या हातात छत्री असते. लाल."

असली छत्री कंपनीत कुणाकडेच नव्हती. आता पोरगी लगेच 'हो, आहे' म्हणणार आणि पकडली जाणार.

चिंगी 'हो' म्हणाली नाही. फोनमध्ये इंडिकेटरची टिकटिक येत होती, आणि त्यातून तिचा श्वास, तुटक, वर ओढलेला. त्यानंतर ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. लहान मूल अंधाऱ्या खोलीत, कुणाला कळू नये म्हणून रडतं तशी.

"मावशी, तुम्ही बोलू नका ना असं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात आणि ती त्याच्या हातात आली. मी बघत होते. मी त्याच्याकडेच बघत होते."

असं रडणं कुणाला उसनं आणता येत नाही. इतक्या वर्षांत मावशी एवढं तरी ओळखायला शिकल्या होत्या. हेडफोन त्यांना एकाएकी कानाला चावल्यासारखा वाटला. खोलीत बाकीच्या टेबलांवर नेहमीचं बोलणं चालू होतं, कुणाला टायर हवा होता, कुणाची किल्ली आत राहिली होती. कुणीतरी चहाच्या मशीनपाशी हसलं. खिडकीबाहेर तेच ऊन होतं.

त्यांनी पहिल्यापासूनचं सगळं बोलणं आठवून पाहिलं. जाकीट. पट्टी. जवळ येईल. त्यांनी मुलीला सांभाळायला म्हणून जे जे सांगितलं होतं, ते ते त्यांनी कुणाच्या तरी हातात दिलं होतं.

टक. टक.

काचेवर. फोनमधून अगदी स्वच्छ.

५

"त्यानं गाडीचा नंबर सांगितला," चिंगी कुजबुजली. "बरोबर आहे."

"उघडू नकोस."

"नाही."

मावशींना काय करावं सुचेना. सुपरवायझर परत येऊन सांगून गेला होता, पोलिसांची गाडी उस्तादांपेक्षाही लांब होती. पोरीला गाडीतून पळ म्हणावं तर कुठे पळणार त्या उघड्या रानात? आणि 'पळ' म्हटल्यावर आणखी कोण पळायला लागेल? विचार करायला उसंत नव्हती. माणूस बुडताना हाताला लागेल ते धरतो, तसं त्यांनी एक वाक्य धरलं. बोलण्यानं जर तो येत असेल, तर बोलण्यानंच जाईल.

"चिंगी, माझं ऐक," त्या होता होईल तेवढ्या शांतपणे म्हणाल्या. "तो आता पाठ फिरवेल. तो परत जायला निघेल."

इंडिकेटरची टिकटिक. नंतर चिंगीचा सुटलेला श्वास. "फिरवली! मावशी, त्यानं पाठ फिरवली. चालायला लागला."

मावशींनी डोळे मिटले. टेबलाची कड धरलेली बोटं दुखायला लागली होती. "जाऊ दे. जाऊ दे त्याला. लांब गेला का?"

मावशींनी हेडफोन कानाशी दाबला.

"चिंगी, लांब गेला का?"

"पाठ माझ्याकडेच आहे," ती म्हणाली. तिचा आवाज इतका सपाट झाला होता की मावशींना तो आधी ओळखू आला नाही. "चालतोय पण. परत जायला निघाल्यासारखा. पण तो लहान होत नाहीये, मावशी. मोठा होतोय. पाठमोराच जवळ येतोय."

६

मावशींनी टेबलावरचा कागद ओढला. आता त्या हवेतही एक शब्द सोडणार नव्हत्या. त्यांनी लिहिलं, *उस्तादांना सांगा, जाकीट काढा. ओळखपत्र काढा. नंबर सांगू नका. हाक मारू नका.* आणि तो कागद सुपरवायझरच्या हातात कोंबून त्याला बोटानंच जिन्याकडे पाठवलं. बाहेर जाऊन फोन कर, इथे नाही. तो कागदाकडे आणि मग मावशींच्या तोंडाकडे बघत राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, पण तो न विचारता धावत गेला.

चिंगीला मात्र त्यांना शेवटचं काहीतरी सांगावंच लागणार होतं.

"बाळा, आता मी गप्प बसणार आहे. मी लाइन सोडलेली नाही. मी इथेच आहे. पण तू काहीही विचारलंस तरी मी बोलणार नाही. तुझं तुला ठरवायचंय."

"नको ना, मावशी! मावशी?"

मावशींनी ओठ मिटले.

त्यांच्या सगळ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. इंडिकेटरची टिकटिक मंद होत चालली होती, बॅटरी उतरत होती. चिंगी हाका मारत होती. मावशी, ऐकताय ना? मावशी, नुसतं हं म्हणा. नंतर तिनं हाका मारणं सोडलं. काचेला काहीतरी घासल्यासारखा आवाज आला, ओला कपडा फिरवावा तसा, आणि थांबला. चिंगी पुटपुटत होती. आईला म्हणत होती की कुणाला, कळत नव्हतं. मावशींनी हेडफोनची वायर दातांत धरली होती. घशापर्यंत शब्द येत होते, सवयीचे, धीराचे, आणि त्या ते गिळत होत्या. भीती वाटत होती ती याची की आपण चुकून बोलून जाऊ.

किती वेळ गेला, त्यांना सांगता आलं नसतं. मग लांबून इंजिनचा आवाज आला. खाकरल्यासारखा.

दार आपटलं. पावलं. कुणीतरी खोकलं.

"मावशी," चिंगी घाईघाईनं बोलायला लागली, "आता दोघं आहेत. एक इकडच्या काचेशी, तो. त्याच्याकडे सगळं आहे, तुम्ही सांगितलं होतंत ते सगळं. आणि दुसरा एक म्हातारा पुढं उभा आहे, बनियनवर, हात काळे, ओळखपत्र नाही, काही नाही, बोलतही नाहीये. मावशी, मी कुणाला उघडू? फक्त एवढंच सांगा. पहिला की दुसरा, एवढंच."

एक शब्द. 'दुसरा.' जिभेवर होता.

मावशींनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांच्या बोटांवरून टेबलावर पडत होतं. शेजारच्या टेबलावरची मुलगी बोलता बोलता थांबून त्यांच्याकडे बघत राहिली.

फोनमध्ये दाराचं लॉक उघडल्याचा खट्ट आवाज आला, आणि लाइन तुटली.

७

उस्तादांची गाडी आवारात शिरली तेव्हा उन्हं कलली होती. मागे दोराला एक जुनी पांढरी गाडी, आणि उस्तादांच्या शेजारी, पुढच्या सीटवर, उस्तादांचंच पिवळं जाकीट मांडीवर घडी करून घेतलेली एक किडकिडीत मुलगी. मावशी जिना उतरताना दोनदा अडखळल्या.

"काय मावशी, भर उन्हात बनियनवर उभं केलंत मला," उस्ताद खाली उतरत म्हणाले. पण हसले नाहीत. मावशींना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मला कुणी दिसलं नाही हो. रस्ता सगळा मोकळा. पण पोरगी माझ्या बाजूच्या दारातनं उतरली ना, ती अंग चोरून, कुणाला तरी वळसा घालून गेल्यासारखी. आणि पलीकडच्या काचेवर… जाऊ द्या. पुसली मी ती." तेवढं बोलून ते नळाकडे गेले. बराच वेळ हात धूत राहिले.

चिंगीला मावशींनी मेकॅनिकांच्या खोलीत बाकावर बसवलं. खोलीत ऑइलचा वास होता, भिंतीला टायर टेकवलेले होते. कुणीतरी चहा आणून दिला, तो तिनं नुसता हातात धरला. मावशी तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चिंगी…"

मुलगी दचकून भिंतीला चिकटली. चहा तिच्या कपड्यांवर सांडला.

मावशींना कळलं. लाइनवर ऐकलेली ती हाक कुणाच्या आवाजातली होती, तेही आत्ता कळलं. त्या काही न बोलता तिच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून बसल्या आणि हात बाकावर उताणा ठेवला. बऱ्याच वेळानं चिंगीनं त्यात आपला हात ठेवला. गार होता.

"ह्या काकांनी आधी गाडीकडे बघितलं," ती समोरच्या टायरांकडे बघत म्हणाली. "टायरला पायानं दाबून बघितलं. बॉनेटवर हात ठेवला. म्हणून मी ह्यांना उघडलं. तो एकदाही गाडीकडे बघत नव्हता."

मावशींनी मान डोलावली.

"तुम्ही गप्प झालात ना, तेव्हा तो परत वळला. काचेला टेकून उभा राहिला. अगदी टेकून. काही करत नव्हता. वाट बघत होता, तुम्ही पुढं काय म्हणता त्याची." तिनं मावशींचा हात दाबला. "सगळं होतं त्याला. तुम्ही जेवढं सांगितलंत तेवढं. तेवढंच."

बाहेर गाडीचा करकचून ब्रेक लागला. दारातून एक जाडसर, घामाघूम माणूस आत आला, शर्टाचं एक टोक बाहेर, पायांत घरातल्याच चपला. त्यानं मुलीला उराशी धरलं, तिचे खांदे, हात, डोकं चाचपून पाहिलं, आणि ती धडधाकट आहे हे कळल्यावर त्याची भीती रागावर आली.

"कोण होता तो हरामखोर? मॅडम, तुमचे साहेब म्हणाले फोनवर, कुणीतरी त्रास देत होता म्हणून. मी आत्ताच्या आत्ता पोलिसात जातो. त्याला शोधून काढल्याशिवाय राहणार नाही."

"बाबा, राहू दे."

"राहू दे कसं? तू फक्त मला सांग कसा दिसत होता. उंच होता का? तोंड कसं होतं त्याचं? डोळे…"

चिंगीनं झडप घातल्यासारखा आपला तळवा बापाच्या तोंडावर दाबला आणि तसाच धरून ठेवला. तो भांबावून तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या बोलण्यातला उरलेला भाग तिच्या बोटांमागे नुसता गरम वाफेसारखा घुमला आणि विरला.

मावशी उठल्या. आवाराचं फाटक सताड उघडं होतं आणि त्यापलीकडे रस्त्यावर संध्याकाळचं ऊन आडवं पडलं होतं. त्या बाहेर गेल्या, तिकडे न बघता फाटकाची दोन्ही दारं ओढून घेतली, कडी घातली, आणि आतून त्यावर पाठ टेकवून उभ्या राहिल्या, तोंड घट्ट मिटून.